क्रॉफर्ड मार्केटात मान वर करून बघा
"घाऊक व्यापार वाशीला गेला, आता क्रॉफर्ड मार्केटात उरलंय काय?" असं कुणीतरी म्हटलं, ते मला अजिबात पटलं नाही. आमच्या देवगडच्या हापूसच्या पेट्या मोसमात आजही तिथे लागतात आणि जाणकार गिऱ्हाईक मुद्दाम येतं.

आणि ती इमारत! १८६९ची, विल्यम इमर्सनने आखलेली. पिवळसर दगड कुर्ल्याचा, तांबडा वसईचा. म्हणजे अंगाने ती कोकणचीच. प्रवेशद्वारावरची शेतकऱ्यांची शिल्पं लॉकवुड किपलिंगची. (महात्मा फुल्यांचं नाव नंतर मिळालं, तेही किती शोभतं.) उंच छपराच्या झरोक्यांतून उजेड उतरतो, गरम हवा वरच राहते, फळांच्या बाजाराला आणखी काय हवं? डागडुजी जरूर करा, पण जुन्या गाळेवाल्यांना तिथेच ठेवून.