मार्चमध्ये एका दिवसात औंध: श्रीभवानी संग्रहालय आणि यमाई, सल्ला हवा

निशिगंध
नमस्कार मंडळी. होळीनंतरच्या रविवारी पुण्याहून औंधला जायचं मनात आहे (साताऱ्याचं औंध, पुण्यातलं नव्हे). आम्ही चौघं: मी, नवरा, नववीतली लेक आणि सासूबाई. लेक सदा स्केचबुक घेऊन बसलेली असते. रविवर्मा तिने आजवर कॅलेंडरवरच पाहिलाय. यमाई ही सासूबाईंची कुलस्वामिनी, पण गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत त्यांचं दर्शन झालेलं नाही. गाडी आपलीच आहे. वाटेत किन्हईचा वाडा आणि लिंबची बारामोटेची विहीरही करू, असं नवऱ्याचं म्हणणं. जमेल का एवढं? आणि जेवणाचं काय?

खटावचा_पाहुणा
ताई, माझं आजोळ तिकडचं, म्हणून हक्काने सांगतो. पहाटे पाचला निघा. सातारा, कोरेगाव, रहिमतपूर करत औंध. नकाशात नुसतं 'औंध' टाकू नका, 'औंध, सातारा' टाका.

सासूबाईंची काळजी सोडा. डोंगरावर गाडीरस्ता आहे, त्यांना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. आधी थेट वर मूळपीठावर, म्हणजे डोंगरावरच्या यमाईच्या देवळात जा, ऊन तापायच्या आत. देऊळ तटबंदीतलं आहे, आणि तटावरून खाली सगळं माळरान दिसतं. मार्चमध्ये शाळूची काढणी चाललेली असते, कडुलिंबाला नवी पालवी असते. दुपारी मात्र तिथे उभं राहवत नाही. संग्रहालय त्याच डोंगराच्या निम्म्यावर आहे, उतरताना दहाच्या सुमाराला तिथे पोचा. मग ऊन वाढेपर्यंत तुम्ही आत असाल.

जेवण घरून बांधून न्या. गाव लहान आहे, ऐन वेळी चौघांचं जेवण मिळेलच असं धरून चालू नका. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही आणि भरपूर पाणी. कोरेगावात वाघ्या घेवडा दिसला तर दोन किलो घ्या, त्याच्या उसळीला तोड नाही.

रंगरेषा
मी शाळेत चित्रकला शिकवते, औंधला चारदा गेले आहे. कळकळीने सांगते, किन्हई आणि बारामोटेची विहीर या खेपेला सोडा. दोन्ही ठिकाणं सुंदर आहेत, पण ती जोडलीत की संग्रहालयाला तासभर उरतो. तासाभरात मुलगी नुसती दालनांतून चालत बाहेर येईल. निदान तीन तास द्या.

हे संग्रहालय 1938 साली औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभं केलं. संस्थान लहान, मुलूख दुष्काळी, आणि राजा स्वतः चित्रकार. चित्ररामायणासाठी त्यांनी स्वतः चित्रं काढली, चित्रकारांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. 1939 मध्ये याच राजाने गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. लेकीला हे गाडीतच सांगून ठेवा, मग दालनांकडे ती वेगळ्या नजरेने बघेल.

रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. तिला आधी लांबून बघू द्या, मग जवळून. कॅलेंडरच्या छपाईत कातडीवरचा उजेड आणि रेशमाची चमक सपाट होते. मूळ चित्रात कुंचला कुठे जाड टेकला, कुठे नुसता फिरला, ते कळतं. मग म. वि. धुरंधर आणि त्यांच्या काळातले मुंबईचे चित्रकार. पाश्चात्त्य चित्रांच्या नकलाही आहेत. त्यांना कमी लेखू नका, नकला करतच त्या पिढीचा हात तयार झाला.

आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'माता आणि बालक' शोधून बघा. दगडातलं लहानसं शिल्प आहे, पटकन नजरेतून सुटतं. पहिल्या खेपेला मी त्याच्यासमोरून तशीच पुढे गेले होते, त्याची चुटपुट वर्षभर राहिली. आई कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होतं, ते बोटाने हवेत गिरवायला सांगा तिला.

निशिगंध
किती मनापासून लिहिलंत! नवऱ्याला वाचून दाखवलं, विहीर आणि वाडा पुढच्या खेपेला. एक विचारायचं होतं, लेकीला आत बसून स्केच करता येईल का? आणि सासूबाई तीन तास काय करतील?

रंगरेषा
आत गेल्यावर तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी विचारा, फोटोचंही तसंच. रंग नेऊ नका, पेन्सिल आणि छोटी वही पुरे. रविवार निवडलात ते बरं. सोमवारी मात्र जाऊ नका, संग्रहालय बंद असतं.

खटावचा_पाहुणा
सासूबाईंना आधी तासभर चित्रं बघू दे, त्यातले देवादिकांचे प्रसंग त्याच नातीला समजावून सांगतील. मग यजमानांनी त्यांना खाली गावात न्यावं. राजवाड्याजवळ यमाईचं दुसरं देऊळ आहे, समोर उंच दीपमाळ. डोंगरावर जाणं होत नाही ती म्हातारी माणसं तिथेच दर्शन घेतात. माझी आजी शेवटची पाच वर्षं तिथूनच डोंगराकडे बघून हात जोडायची.

गदिमांचं शालेय शिक्षण याच गावात झालं आणि वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकरही इथे अनेक वर्षं राहिले. संध्याकाळी ऊन कललं की चौघं मिळून गावातून एक फेरी मारा. साडेपाचला निघालात तर साताऱ्यात कंदी पेढे घेऊन रात्री दहाच्या आत घरी.

निशिगंध
ठरलं. सासूबाईंनी आजच ओटीचं सामान काढून ठेवलंय.