मदत हवी आहे: माशात किडे निघाले, संध्याकाळच्या आत सांगा

घायकुत्या_पुणेकर
काल गरवून आणलेले मासे आज साफ करायला काढले, तर आइसबॉक्सच्या तळाशी दोन किडे. पांढुरके, पाय भरपूर. मासे खायचे की टाकायचे? फोटो जोडलाय. आठ वाजता सासरची मंडळी जेवायला येतायत. ‘आधी सर्च करा’ म्हणू नका, करून झालंय आणि त्यानेच झोप उडालीय.

खडपातला
फोटोत बर्फ दिसतोय आणि तुमचा अंगठा. मासा कुठला? कुठे गरवला?

घायकुत्या_पुणेकर
समुद्राचा मासा हो. मी किड्याबद्दल विचारतोय.

बोंबील_फ्राय
जीभखाऊ किडा! माशाची जीभ खातो आणि तिच्या जागी स्वतः बसतो. व्हिडिओ पाहिलाय. टाकून द्या सगळं.

खडपातला
व्हिडिओतला तो मेक्सिको-कॅलिफोर्नियाकडचा. त्याचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत, हलवा माशाच्या तोंडात सापडतात. म्हणून तर मासा कुठला ते विचारतोय. पुन्हा विचारतो: मासा कुठला, किडा माशावर नक्की कुठे होता, लांबी किती, पायाच्या जोड्या किती?

घायकुत्या_पुणेकर
बांगडा. हर्णैहून होडीने आत गेलो होतो, साबिकी (एकाच दोरीला बऱ्याच छोट्या गऱ्या, म्हणजे गळ) लावून चौदा मिळाले. किडा कुठे होता ते कसं सांगू, बॉक्सच्या तळाशी होता असं वर लिहिलंय ना. लांबी इंचाला थोडी कमी.

बर्फगोळा
मासा -२० अंशाला ७ दिवस ठेवा. अळ्या मरतात. मी सुरमईसुद्धा अशीच ठेवतो.

खडपातला
बर्फगोळा, ते पोटातल्या अळ्यांसाठी, आणि तेही मासा कच्चा खाणार असाल तर. इथे पाय असलेला किडा आहे आणि आठ वाजता पंगत आहे.

बर्फगोळा
काळजी घेतलेली बरी, एवढंच म्हणतोय.

ठाण्याची_मावशी
बांगडा आहे ना, मग तिरफळं घाला. तिरफळांपुढे कसलाही वास टिकत नाही.

बोंबील_फ्राय
मावशी, त्यांना वास नाही आलाय, किडा आलाय.

चौथी_सीट
हे सगळं प्रदूषण आहे. एमआयडीसीचं पाणी समुद्रात सोडतात, मग माशाला किडे पडणारच. आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं.

ओहोटी_बघून_ये
होतं, तुमची आई साफ करताना काढून टाकायची. बांगड्याच्या कल्ल्यात बसणाऱ्या या किड्याचं वर्णन मिल्न एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये केलंय. तेव्हा कुठली एमआयडीसी?
पुणेकर, चिडू नका, एक काम करा. एकेका बांगड्याचं कल्ल्यावरचं झाकण उचलून आत बघा. एखाद्याचा कल्ला एका बाजूने दबलेला, फिका किंवा कुरतडल्यासारखा दिसेल. दोन्ही किडे सारख्याच आकाराचे आहेत का? आणि मोठा उलटा करून पोट बघा.

घायकुत्या_पुणेकर
बघितलं. अकराव्या बांगड्याचा डावा कल्ला आतून चेपलाय, लालऐवजी गुलाबीसर. किड्यांत एक मोठा, एक त्याच्या निम्मा. मोठ्याच्या पोटाखाली पातळ पापुद्र्याची पिशवी, आत साबुदाण्याहून बारीक पिवळे दाणे. पाय मोजले, सात जोड्या. प्रत्येक पायाचं टोक आकड्यासारखं, चिमट्याला अडकून बसलं. आणि अंग सरळ नाही, एका कुशीवर वाकडं. फोटोत असं आलं म्हणून मला वाटलं मीच चिरडला.

ओहोटी_बघून_ये
हे आधी लिहिलं असतं तर तीन तास वाचले असते. बांगडा, कल्ला आणि वाकडं अंग म्हणजे बहुतेक नोरिलेका इंडिका जातीचा किडा. कल्ल्याच्या अरुंद जागेत वाढतो, म्हणून वाकडा. मोठी मादी, छोटा नर. हे आधी नर असतात, पुढे मादी होतात. पिशवीत अंडी आहेत, पिल्लंही तिथेच वाढतात. बर्फात मासा गार पडला की पकड सुटते आणि किडा तळाशी येतो, म्हणून तुम्हाला जागा कळली नाही.
सुरमई-तारलीच्या अंगावर किंवा पराला चिकटलेला असता तर वेगळ्या जातीचा संशय घेतला असता. चार-पाच मिलिमीटरचा, चपटा आणि कातडीवर सरकणारा असता तर तो किडाच निराळा, मादीच्या मागे अंड्यांच्या दोन दोऱ्या लोंबतात.

खडपातला
फोटोवरून जात छातीठोक सांगू नये. खात्री हवी असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून बाटलीवर मासा, जागा, तारीख लिहा आणि रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात दाखवा. पुढच्या वेळी नाणं शेजारी ठेवून फोटो काढा, पाठीचा एक, पोटाचा एक.

घायकुत्या_पुणेकर
खायचे की नाही?? हे एवढंच विचारलं होतं.

ओहोटी_बघून_ये
खा. हा माणसाला लागत नाही. कल्ले काढून टाका, नीट धुवा, कालवण उकळू द्या. जिवंत असताना बोटाला चिमटा काढेल फार तर.

बर्फगोळा
तरी फ्रीजरमध्ये...

ठाण्याची_मावशी
तिरफळं ठेचायची, वाटायची नाहीत हो. बिया काढून टाका.

चौथी_सीट
आगळ पाहिजे त्यात, नुसत्या तिरफळांनी काय होणार.

घायकुत्या_पुणेकर
चौदातले तेरा शिजवले. अकरावा बायकोने मांजराला दिला आणि काड्यापेटीत ठेवलेले दोन्ही किडेही त्याच्याबरोबर गेले. सासूबाईंना काही सांगितलेलं नाही.

नवा_गरीवाला
साबिकी सहा गऱ्यांची होती का? कितीला पडली?