घरचे फायबर, पाच मोबाइल आणि एक लँडलाइन: हा खर्च नेमका कुठे कमी करता येईल?

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. मुलुंड पूर्वेला आम्ही पाच जण राहतो: आई-बाबा, आम्ही दोघे आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी. घरी 100 एमबीपीएस वेगाचे फायबर इंटरनेट आहे आणि त्याचे दरमहा 799 रुपये अधिक कर असे जवळजवळ 943 रुपये जातात. माझा नंबर 449 रुपयांच्या पोस्टपेड प्लॅनवर असून तो करासह 530 रुपयांना पडतो. बाकी चौघांचे नंबर प्रीपेड आहेत आणि प्रत्येकावर दर 28 दिवसांनी 299 रुपयांचा, रोज दीड जीबी डेटाचा रिचार्ज करावा लागतो. याखेरीज महानगर टेलिफोनची जुनी लँडलाइन आहे, तिचे भाडे वेगळे. तिच्यावर आता क्वचितच कोणी बोलते, परंतु बाबा ती काढू देत नाहीत.

जुलै 2024 च्या दरवाढीपासून हा आकडा डोळ्यांत खुपू लागला आहे. फायबर, टीव्ही आणि सर्वांचे मोबाइल एकाच बिलात घ्यावेत, असा सल्ला एका कंपनीच्या प्रतिनिधीने दिला आहे. तो मानावा का? माझ्या अटी दोनच: आई-बाबांच्या हातातल्या फोनमध्ये फारसा बदल होऊ नये, आणि आठवड्यातून दोन दिवस मी घरून काम करतो ते अडू नये.

गोरेगावचे रहिवासी

महिन्याचा हिशेब बाजूला ठेवून प्रथम वर्षाचा हिशेब मांडावा, कारण 28 दिवसांच्या रिचार्जमुळे वर्षात बारा नव्हे, तेरा महिने भरावे लागतात. आपले चार प्रीपेड नंबर वर्षाला 15,548 रुपये खातात, फायबर 11,314 आणि पोस्टपेड 6,358, म्हणजे लँडलाइन सोडूनच एकूण 33,220 रुपये होतात. दर पडताळताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रीपेडच्या छापील किमतीत 18 टक्के जीएसटी धरलेला असतो, तर ब्रॉडबँड आणि पोस्टपेडच्या जाहिरातीतील किमतीवर तो वरून लागतो. त्यामुळे 399 रुपयांचे फायबर प्रत्यक्षात 470 रुपये 82 पैशांना पडते, आणि 449 चे पोस्टपेड व 449 चे प्रीपेड यांची तुलनाच होऊ शकत नाही.

आता मुख्य मुद्दा. ज्या घरात फायबर आहे आणि जी माणसे दिवसातील बहुतेक वेळ त्याच घरात असतात, त्यांच्या मोबाइलवर रोजचा दीड जीबी डेटा घेणे म्हणजे एकाच इंटरनेटचे दोनदा पैसे भरणे होय. आई-बाबांचा फोन दिवसभर वायफायवर असेल, तर त्यांचा डेटा रोज रात्री बारा वाजता न वापरताच संपतो. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, नियमात दुरुस्ती करून, डेटा नसलेले, केवळ कॉल आणि एसएमएस यांचे विशेष पॅक उपलब्ध करून देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा पॅकची कमाल वैधता 90 दिवसांवरून 365 दिवसांपर्यंत वाढवली. जानेवारी 2025 मध्ये मोठ्या कंपन्यांनी हे पॅक आणले, तेव्हा 336 ते 365 दिवसांच्या पॅकचा दर 1,750 ते 1,850 रुपयांच्या आसपास होता. ट्रायच्या संकेतस्थळावर सर्व कंपन्यांचे दर एकत्र पाहण्याची सोय आहे, तेथे आजचा दर पडताळून घ्यावा. कंपनीच्या ॲपच्या पहिल्या पानावर हे पॅक सहसा दिसत नाहीत, ते शोधावे लागतात. आपण वर्षाला प्रत्येकी 3,887 रुपये भरत आहात, म्हणजे दोन नंबरांवर मिळून चार हजारांच्या घरात बचत होईल, आणि आई-बाबांच्या दृष्टीने फोनमध्ये काहीही बदलणार नाही.

अडचण एकच आहे. घराबाहेर पडल्यावर व्हॉट्सॲप आणि यूपीआय चालणार नाही. बाबा भाजीवाल्याला क्यूआर कोडवर पैसे देत असतील, तर त्यांचा डेटा काढू नये, किंवा गरजेपुरते छोटे डेटा व्हाउचर वरून घालावे. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, तो या पॅकवरही येतच राहतो.

मुलीच्या आणि आपल्या पत्नीच्या नंबरांवर फार काही वाचणार नाही. 28 दिवसांचा पॅक 299 ला आणि तोच 84 दिवसांसाठी 799 ला मिळत असेल, तर रोजचा खर्च 10 रुपये 68 पैशांवरून 9 रुपये 51 पैशांवर येतो, म्हणजे वर्षाला माणशी चारशेच्या आसपास. रिचार्ज मात्र कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून करावा. पैसे पाठवण्याची काही ॲप मोबाइल रिचार्जवर रुपया-दोन रुपये अधिक घेतात, ते कशाला द्यायचे?

दादरचे एक वाचक

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु 100 एमबीपीएस खरोखर लागते का, हे कोणी विचारलेले दिसत नाही. एचडी चित्रपटासाठी साधारण 5 एमबीपीएस पुरतात आणि फोर-के टीव्हीसाठी 15 च्या आसपास. घरात एक फोर-के टीव्ही, एक एचडी चित्रपट आणि एक व्हिडिओ बैठक एकाच वेळी चालू असली, तरी 30 एमबीपीएसच्या आत भागते. त्यामुळे 40 एमबीपीएसचा प्लॅन आपल्याला पुरायला हवा. तो 499 रुपयांना मिळत असेल, तर करासह महिन्याला 354 रुपये, म्हणजे वर्षाला 4,248 रुपये वाचतात. पुढच्या बिलाच्या तारखेपासून प्लॅन खाली आणावा आणि काम अडते असे दिसले, तर पुन्हा वर न्यावा.

लोक वेग वाढवून घेतात, परंतु तक्रार असते ती आतल्या खोलीत वायफाय न पोहोचल्याची. फायबरची तार जिन्यातून किंवा गच्चीवरून येते, तारवाला ती दाराच्या वर आणून सोडतो आणि राउटर तिथेच, मीटरच्या पेटीशेजारी किंवा लोखंडी कपाटावर, बसतो. मग बेडरूममध्ये बैठक अडखळते आणि माणूस प्लॅन वाढवतो. त्यापेक्षा दहा मीटर तार वाढवून राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. जवळच्या टीव्हीला आणि लॅपटॉपला 5 गिगाहर्ट्झचा पट्टा द्यावा, तर भिंतीपलीकडच्या फोनना 2.4 गिगाहर्ट्झचा. घरात मोबाइलचे नेटवर्क कमी येत असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करावे. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले की काही दिवस फुकट मिळतात, हे खरे आहे. तरीही नव्या स्थानिक केबलवाल्याला वर्षाचे पैसे आगाऊ देण्याआधी त्याच्याकडचा एक पावसाळा पाहावा, असे माझे मत आहे. इमारतीवरून इमारतीवर टाकलेल्या तारांची परीक्षा जुलैमध्येच होते.

ठाण्याहून

एकाच बिलाच्या योजनेला माझा विरोध आहे. फायबर आणि पाचही मोबाइल एकाच कंपनीचे झाले, की ज्या दिवशी त्या कंपनीची मोठी तार तुटते किंवा जाळ्यात बिघाड होतो, त्या दिवशी घरातले सगळेच एकदम बंद पडू शकते. घरून काम करणाऱ्याने मोबाइल निदान दुसऱ्या कंपनीचा ठेवावा, म्हणजे फायबर गेले तर हॉटस्पॉटवर दिवस निभावतो. शिवाय अशा योजनेत जे ओटीटी (चित्रपट-मालिकांचे ॲप) मोफत म्हणून मिळते, त्याचे पैसे भाड्यात धरलेलेच असतात. आपण ते वेगळे विकत घेतले असते का, एवढे स्वतःला विचारावे.

आपले पोस्टपेड प्रीपेड करायचे असेल, तर नंबर पोर्ट करण्याचीही (तोच नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याचीही) गरज नाही, त्याच कंपनीत बदल होतो. कंपनीच बदलायची असेल, तर इंग्रजी मोठ्या अक्षरांत PORT, जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस नीट पाहून 1900 वर पाठवावा. उत्तरात येणारा यूपीसी कोड (नव्या कंपनीला द्यायचा पोर्टिंगचा कोड) मुंबईत चार दिवस चालतो आणि त्याच सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार क्षेत्रात, पोर्टिंग तीन कामकाजाच्या दिवसांत होते. सध्याच्या कंपनीत 90 दिवस पूर्ण झालेले असावेत, पोस्टपेडचे बिल चुकते केलेले असावे, आणि सिम बदलून घेतले असेल तर त्यानंतर सात दिवस पोर्ट करता येत नाही. प्रीपेडची उरलेली शिल्लक आणि वैधता नव्या कंपनीत येत नाही, म्हणून पॅक संपत आल्यावरच हे करावे.

मुलुंडकर

सर्वांचे आभार. बाबा बाहेर यूपीआय वापरत नाहीत, त्यामुळे कॉलचा पॅक त्यांना चालेल. आई मात्र भजनाला जाताना व्हिडिओ पाहते, तिचे तसेच ठेवतो. लँडलाइनचे काय करावे? आमचा नंबर कोकणातल्या सगळ्या नातेवाइकांकडे आहे. दुसरे म्हणजे, आमच्या इमारतीत एकाच कंपनीची तार आहे, त्यामुळे दराबाबत घासाघीस करायला वाव राहत नाही.

गिरगावकर

लँडलाइन काढण्यापूर्वी तो नंबर बँक, पेन्शन, गॅस आणि विमा यांच्या कागदांवर कुठे दिला आहे ते पाहावे आणि तेथे मोबाइल नंबर नोंदवावा. त्यानंतर फोनजवळ एक वही ठेवून कोणाचे फोन येतात ते बाबांनाच लिहू द्यावे. बहुतेक वेळा कर्जाच्या जाहिराती आणि दोन-तीन आत्याबाई एवढेच निघते, आणि आत्याबाईंना मोबाइल नंबर कळवता येतो. बाबांची हरकत रिसीव्हर हातात धरून बोलण्याच्या सवयीपोटी असेल, तर अनेक फायबर कनेक्शनसोबत लँडलाइन नंबर आणि कॉल विनामूल्य मिळतात. राउटरला साधा टेलिफोन जोडला की झाले. नंबर मात्र नवा असेल. फोन बंद करताना अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि अनामत रकमेची आठवण ठेवावी. सेवा बंद झाल्यावर ती 45 दिवसांत परत मिळायला हवी.

दुसऱ्या तारेसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून ना-हरकत पत्र लागते. आठ-दहा घरांच्या सह्या घेऊन गेलात, तर कंपनीही लवकर येते. तोवर तारेविना चालणारे 5जी घरगुती इंटरनेट पाहता येईल. एअरटेलने ते ऑगस्ट 2023 मध्ये दिल्ली आणि मुंबईतच प्रथम सुरू केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओने आणले. खिडकीत किंवा गच्चीवर यंत्र बसते, त्यामुळे सोसायटीला आधी विचारावेच.

गोरेगावचे रहिवासी

एक राहून गेले. ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त काळ दुरुस्त झाला नाही, तर सात दिवसांचे भाडे, सात दिवसांपेक्षा जास्त लांबला तर पंधरा दिवसांचे आणि पंधरा दिवसांच्या पुढे गेला तर महिन्याचे भाडे ग्राहकाला परत मिळावे, असा ट्रायचा नियम आहे. केबलवाल्याला तोंडी सांगून हे मिळत नाही, कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा लागतो. दाद लागली नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. ट्राय स्वतः व्यक्तिगत तक्रारी हाताळत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहून घ्यावे. एखादे विसरलेले पोस्टपेड कनेक्शन तिथे सापडले, तर ते आधी बंद करावे.