सल्ला हवा: डेटा कॅटलॉगमध्ये नेमका माहितीसंच शोधताना सर्च ऑपरेटर कसे वापरावेत?

काटोलरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार. मी नागपूरच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. काटोल आणि नरखेड तालुक्यांतील संत्र्याच्या बागा व भूजलपातळी यांचा परस्परसंबंध हा विषय आमच्या पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी घेतला आहे. त्यासाठी विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी, तालुकानिहाय पाऊस, संत्र्याखालील क्षेत्र आणि कळमना बाजारातील आवक व भाव एवढी माहिती हवी आहे. हे सर्व सरकारी कॅटलॉगमध्ये, म्हणजे माहितीसंचांच्या ऑनलाइन सूचीत, उपलब्ध असते, असे जो तो सांगतो. प्रत्यक्षात शोधचौकटीत गावाचे नाव टाकले तर निकाल शून्य येतो, आणि संत्रे किंवा भूजल यांसाठीचा इंग्रजी शब्द टाकला तर देशभराचा ढीग समोर येतो. अवतरणचिन्हे, उणे चिन्ह, तारका यांविषयी त्रोटक ऐकून आहे. यांपैकी काय कुठे चालते आणि सुरुवात कशापासून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. विकत घ्यावी लागणारी साधने सुचवू नयेत, ही विनंती.

जुना ग्रंथपाल

सर, ऑपरेटरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट विद्यार्थिनींच्या मनावर ठसवावी. कॅटलॉगचा शोध सहसा फाइलच्या आत शिरत नाही. तो केवळ शीर्षक, वर्णन, टॅग आणि प्रकाशक विभागाचे नाव एवढेच पाहतो. ग्रंथालयातील कार्डांच्या पेटीत पुस्तकाच्या आतल्या पानावरचे गाव सापडत नाही, तसाच हा प्रकार आहे. नरखेडची विहीर ज्या फाइलमध्ये आहे, तिच्या शीर्षकात बहुधा नरखेडही नसेल आणि नागपूरही नसेल. तेथे संपूर्ण महाराष्ट्राचे किंवा भारताचे नाव असेल आणि आपल्या तालुक्याची ओळ आत कुठेतरी असेल.

म्हणून आपल्याला काय हवे आहे हे टाकण्याऐवजी, प्रकाशित करणाऱ्या कारकुनाने शीर्षकात काय लिहिले असेल ते टाकावे. विषयाचा एक शब्द, प्रशासकीय पातळीचा एक शब्द आणि जमल्यास वर्ष, एवढे पुरते. पातळीच्या शब्दात मात्र घोळ असतो. ज्याला आपण तालुका म्हणतो त्याला जनगणनेत सब-डिस्ट्रिक्ट म्हटले आहे, केंद्रीय योजनांच्या आकडेवारीत अनेकदा ब्लॉक हा शब्द येतो आणि काही ठिकाणी तहसील. हे चारही शब्द 'ऑर'ने (म्हणजे यांपैकी कोणताही चालेल) जोडून कंसात घालावेत. 'ऑर' ऑपरेटरचा मोठा उपयोग असा पर्यायी नावांसाठीच आहे. दोन वेगळे विषय त्याने जोडू नयेत, कारण मग निकाल कमी होण्याऐवजी वाढतात.

भूजलाचेही तसेच आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या स्वतःच्या इंग्रजी नावात ग्राउंड आणि वॉटर हे दोन शब्द सुटे आहेत, तर इतर अनेक संस्था ते जोडून लिहितात. जोडशब्द टाकला तर सुट्या शब्दांचे माहितीसंच हातून निसटू शकतात. अवतरणचिन्हांतील शब्द त्याच क्रमाने शेजारी शेजारी शोधले जातात. त्यामुळे अवतरणचिन्हांत सुटी जोडी, मग 'ऑर', मग जोडशब्द, असा शोध घ्यावा.

सीताबर्डीचा संगणकी

ग्रंथपालकाकांच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी यंत्रणेच्या बाजूने लिहितो. येथे ऑपरेटर देवनागरीत लिहीत आहे. शोधचौकटीत ते रोमन अक्षरांतच टाइप करावेत आणि अँड, ऑर, नॉट हे तिन्ही मोठ्या अक्षरांत लिहावेत, कारण अनेक यंत्रणा लहान अक्षरांतील अँडला साधा शब्द समजतात.

प्रत्येक शोधचौकट ऑपरेटर पाळतेच असे नाही आणि न पाळणारी चौकट तसे सांगतही नाही. ती उणे चिन्ह (पुढचा शब्द असलेले निकाल वगळा, असे सांगणारे) गिळून टाकते आणि निकाल मात्र ऐटीत दाखवते. म्हणून आधी परीक्षा घ्यावी. ऑरेंज शोधावे, मग 'ऑरेंज -ऑरेंज' शोधावे. उणे चिन्ह खरोखर चालत असेल तर दुसऱ्या वेळी काहीही येता कामा नये. तसेच अवतरणचिन्हांत 'वॉटर ग्राउंड' असा उलटा क्रम टाकावा. सुलट क्रमाइतकेच निकाल आले तर तेथे अवतरणचिन्हे निव्वळ शोभेची आहेत असे समजावे आणि बाजूच्या फिल्टरांवर भिस्त ठेवावी.

जगातील बरेच खुले कॅटलॉग सी-कॅन या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. संयुक्त राष्ट्रांचे एचडीएक्स हे मदतकार्याच्या माहितीचे संकेतस्थळ त्यांपैकी एक आहे. सी-कॅनच्या पोटात सोलर हे शोधयंत्र असते आणि तेथे क्षेत्राचे (नोंदीतील रकान्याचे) नाव, कोलन आणि शब्द अशी रचना चालते. 'टायटल:रेनफॉल' म्हटले की शोध शीर्षकापुरता राहतो, 'टॅग्ज:' म्हटले की टॅगपुरता. वर्णनाच्या क्षेत्राला तेथे 'नोट्स' असे नाव आहे, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. फाइलच्या प्रकारासाठी 'रेस_फॉर्मॅट:सीएसव्ही' लिहितात (सीएसव्ही म्हणजे साध्या मजकुरातील तक्त्याची फाइल). कोलनच्या आधी किंवा नंतर जागा सोडू नये.

तारका शब्दाच्या शेवटी लावली की उरलेली कोणतीही अक्षरे चालतात. टिल्ड म्हणजे नागमोडी रेघ लावली की एकदोन अक्षरांचा फरक माफ होतो. दोनपेक्षा अधिक फरक सोलर मान्य करत नाही. तारका अवतरणचिन्हांच्या आत टाकली तर साध्या शोधात ती सहसा चालत नाही. गूगलवर मात्र हीच तारका अख्ख्या शब्दाची जागा घेते, अर्ध्या शब्दाची नाही. तिकडची सवय इकडे आणली की फसगत ठरलेली.

भारत सरकारचे डेटा.गव्ह.इन हे खुल्या माहितीचे संकेतस्थळ 2012 पासून चालू आहे. त्यावर कॅटलॉग आणि रिसोर्स अशा दोन पातळ्या आहेत: कॅटलॉग म्हणजे एका विषयाचा गठ्ठा आणि रिसोर्स म्हणजे त्यातील एकेक फाइल. तेथे माझ्या मते ऑपरेटरांची कसरत करण्यापेक्षा एकदोन शब्द टाकून मंत्रालय आणि विषयक्षेत्र (सेक्टर) यांचे फिल्टर लावणे अधिक फलदायी ठरते.

संत्रा बागाईतदार

शेतीच्या बाजूने भर घालतो. संत्र्यासाठी केवळ ऑरेंज शोधू नये. फलोत्पादनाच्या राष्ट्रीय आकडेवारीत आपले नागपुरी संत्रे मँडरिन या गटात मोडते आणि स्वीट ऑरेंज म्हटले की ती मोसंबी असते. म्हणजे ऑरेंज टाकून मिळालेल्या क्षेत्राच्या आकड्यांत मोसंबी मिसळलेली असू शकते, आणि काटोल भागात दोन्ही फळे असल्याने प्रकल्पाचा निष्कर्षच डळमळू शकतो.

यावर 'ऑरेंज -"स्वीट ऑरेंज"' असा उपाय सुचेल, परंतु मी तो टाळावा असे म्हणेन. ज्या तक्त्याच्या वर्णनात मँडरिन आणि स्वीट ऑरेंज हे दोन्ही स्तंभ नमूद आहेत तो तक्ता आपल्याला सर्वांत उपयोगी असतो, आणि उणे चिन्ह नेमका तोच बाहेर काढते. 'मँडरिन ऑर सिट्रस' असा शोध घेऊन स्तंभ डोळ्यांनी तपासावेत.

कळमन्याच्या भावांसाठी कॅटलॉगमध्ये वेळ घालवू नये. अ‍ॅगमार्कनेट या केंद्र सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावर शेतमाल, राज्य, जिल्हा, बाजार आणि तारीख निवडूनच तक्ता मिळतो. पावसासाठी कृषी विभागाचे महारेन हे पर्जन्यनोंदींचे संकेतस्थळ पाहावे.

काटोलरोडकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ऑरेंज वजा ऑरेंजची परीक्षा वर्गात घेतली आणि विद्यार्थिनींना ती फारच आवडली. एका कॅटलॉगवर दोन्ही वेळा तेवढेच निकाल आले, त्यामुळे तेथे फिल्टरच लावले. शीर्षकाच्या शोधात पातळीचा शब्द घातल्यावर भूजलाचे जिल्हानिहाय संच वर आले.

आता दोन शंका आहेत. तुलनेसाठी सावनेर आणि पारशिवनी हे तालुके घ्यायचे आहेत, पण त्यांचे रोमन लेखन प्रत्येक फाइलमध्ये निराळे दिसते. दुसरे, गूगलवरून थेट सरकारी फाइल शोधताना 'आफ्टर:' वापरले तरी जुनीच आकडेवारी का येते?

सीताबर्डीचा संगणकी

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. 'आफ्टर:' आणि 'बिफोर:' हे पान केव्हाचे आहे ते पाहतात, आतील आकडे कोणत्या वर्षाचे आहेत ते पाहत नाहीत. 2011 च्या जनगणनेचा तक्ता कोणी 2023 मध्ये नव्याने चढवला तर गूगलच्या लेखी तो 2023 चा होऊ शकतो. सी-कॅनमधील 'मेटाडेटा_मॉडिफाइड'चेही तेच. ती नोंद बदलल्याची तारीख आहे. आकडेवारीचे वर्ष हवे असेल तर ते वर्ष शब्द म्हणूनच टाकावे, आणि आर्थिक वर्षाच्या '2019-20' व '2019-2020' या दोन्ही लेखनपद्धती 'ऑर'ने जोडाव्यात.

गूगलवर 'साइट:गव्ह.इन', नंतर 'फाइलटाइप:एक्सएलएसएक्स' आणि मग विषय असा शोध चांगला चालतो. जुन्या एक्सेल फाइलींसाठी एक्सएलएस असा वेगळा शोध घ्यावा. मात्र यादीतून जिल्हा निवडल्यावरच जे पान तयार होते तेथपर्यंत गूगल सहसा पोहोचत नाही. म्हणूनच अ‍ॅगमार्कनेटचा तक्ता गूगलवर शोधण्यात अर्थ नाही.

जुना ग्रंथपाल

पहिल्या शंकेबद्दल. सावनेर कुठे 'व्ही' घालून लिहितात तर कुठे 'ओ' घालून. फरक एकाच अक्षराचा असल्याने तेथे टिल्ड पुरेशी आहे. पारशिवनीच्या दोन प्रचलित लेखनांत अनेक अक्षरे बदलतात, म्हणून तेथे पहिली चार अक्षरे आणि तारका हा मार्ग बरा. गोंदियाही जनगणनेत एक जादा 'वाय' घेऊन येतो, त्यालाही तारकाच लावावी.

फाइल एकदा हाती आली की नावावर गाळू नये, कोडवर गाळावे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड 27 आणि नागपूर जिल्ह्याचा 505 आहे. स्थानिक शासन निर्देशिकेचे (केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे) जिल्हा कोड निराळे असतात, तेव्हा दोन फाइली जोडण्यापूर्वी स्तंभाच्या शीर्षकात कोणता कोड दिला आहे ते वाचून घ्यावे. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्यांत पावसाळ्यापूर्वीची आणि नोव्हेंबरची अशा दोन नोंदी आपल्या कामाच्या आहेत. त्यामुळे शोधात 'प्री-मान्सून' आणि 'पोस्ट-मान्सून' हे शब्द जोडरेघेसह आणि जोडरेघेविना, दोन्ही प्रकारे टाकून पाहावेत.