मोहाखाली काडी ओढणारे हात आणि वणवा: दोष कुणाचा?

पानगळ: फेब्रुवारी लागला की गडचिरोली-मेळघाटात धूर दिसू लागतो. बांबूवर बांबू घासून आग लागते, हे लहानपणापासून ऐकतोय. पाहिलेला एक माणूस अजून भेटला नाही. आग लागत नाही, लावली जाते. मोहाची फुलं वेचताना पाला नडतो, म्हणून काडी. विडीच्या पानांसाठी तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून ठेकेदाराच्या माणसांची काडी. राखीव जंगलात आग लावणं १९२७च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे. दोन-चार जणांना खरोखर शिक्षा होऊ द्या, मग बघा.

टोपलीभर: कधी मोह वेचलाय का? फूल पहाटे गळतं. ऊन चढायच्या आत उचललं नाही तर गुरं खातात, कधी अस्वल आधीच येऊन गेलेलं असतं. वाळल्या पाल्यात ते फिकट फूल शोधायचं, खाली साप आहे की नाही ठाऊक नाही. झाडून काढायला अर्धी सकाळ, पेटवायला एक काडी. मार्च-एप्रिलात शेतात काम नसतं, घरात पैसा येतो तो यातूनच. मोह वेचणाऱ्या बाईला तुरुंगात घालणार?

पानगळ: तिची टोपली भरते हो, पण आग तिच्या झाडाखाली थांबते का? रोपं जातात, जमिनीवरची अंडी जातात. मोकळ्या जागी रायमुनिया (घाणेरीची झुडपं) माजते आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच वाळून पेटते. गरिबी खरी, पण डोंगर जळतो तेही खरंच.

जाळरेषा: मी वनरक्षक. १५ फेब्रुवारी ते १५ जून आमचा आगीचा हंगाम. उपग्रहाचा इशारा मोबाइलवर येतो, पण एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन. त्यात आग शोधायची पायीच. पाला उडवायचा ब्लोअर चालू असला तर नशीब, नाहीतर हिरव्या फांद्या. सोबतीला रोजंदारीची माणसं, ज्यांची मागच्या हंगामातली मजुरी अजून थकलेली. ती कशाला जीव टाकून धावतील?

टोपलीभर: हेच म्हणतेय. जंगल गावाचं असेल तर गाव धावतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभाच तेंदू विकत असेल तर आग लावायची नाही ही अट तिला ठेकेदाराच्या करारातच घालता येते.

पानगळ: कागदावर हक्क आला म्हणून पहाटेची घाई कमी होते का? त्यापेक्षा झाडाखाली जाळी बांधा. छत्तीसगडात बांधतात. मोह आधी पानं टाकतो, मग फुलतो. जाळीत बहुतेक फुलंच पडतात.

जाळरेषा: जाळी चांगलीच. पण कुठलं झाड कुठल्या घराचं हे गावाला पाठ आहे, कागदावर कुठेच नाही. जाळीच्या मंजुरीच्या अर्जात मी नाव कुणाचं लिहू?