मदत हवी आहे : गाटा-३ भरपूर, पण आयएल-४ पुसट

उंदराच्या प्लीहेतल्या नेइव्ह (अजून अँटीजेन न भेटलेल्या) सीडी४ टी-पेशी अँटी-सीडी३ आणि अँटी-सीडी२८ या चेतवणाऱ्या प्रतिपिंडांवर, १० नॅनोग्रॅम/मिली आयएल-४ (सायटोकाइन, म्हणजे पेशींमधलं संदेशवाहक प्रथिन) आणि १० मायक्रोग्रॅम/मिली अँटी-आयएफएन-गॅमा देऊन टीएच२ (आयएल-४ आणि आयएल-१३ स्रवणारा मदतनीस टी-पेशींचा प्रकार) कडे वळवल्या आहेत. पाचव्या दिवशी गाटा-३ (टीएच२ चा मुख्य जनुक-नियंत्रक) छान चढलेला, टी-बेट (टीएच१ चा नियंत्रक) जवळजवळ नाहीच. पण पीएमए-आयोनोमायसिनने ४ तास चेतवल्यावर आयएल-४ जेमतेम दिसतं. आयएल-१३ मात्र व्यवस्थित, म्हणजे गाटा-३ नुसता बसून नाही.

आयएल-२ वेगळं घातलेलं नाही. त्याचा संदेश केंद्रकात नेणारं स्टॅट-५ कमी पडल्याने आयएल-४ चं लोकस (जनुकाची जागा) पुरतं उघडलं नसेल का? की केंद्रकातला गाटा-३ रंगवायला लागणाऱ्या न्यूक्लियर बफरनेच सायटोकाइनचा सिग्नल खाल्ला? सायटोकाइन पेशीतच अडवून ठेवायला ब्रेफेल्डिनऐवजी मोनेन्सिन वापरून कुणाला फरक पडला? माध्यमावर थेट एलायझा (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणारी चाचणी) निरुपयोगी, आपणच ओतलेलं आयएल-४ मोजलं जाईल. पेशी धुऊन पुन्हा चेतवल्या, तर किती तासांनी नमुना घ्यावा?