दार वाजवण्याला पर्याय नाही

निवडणुकीच्या प्रचारात घरोघर फिरणं आता जुनं झालं, फोन आणि मेसेज पुरेत, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत न्यू हेवन शहरात येल विद्यापीठाच्या गर्बर आणि ग्रीन या संशोधकांनी तीसेक हजार मतदारांवर प्रयोग केला, तर दारात जाऊन समोरासमोर बोलल्यावर मतदान चांगलंच वाढलं, पोस्टाच्या पत्रांनी अगदी किंचित आणि फोनने काहीच नाही. मग २००६ ला मिशिगन राज्यात पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरी निवडणुकीत पत्रातच तुम्ही आणि शेजाऱ्यांपैकी कोणी मागे मत दिलं, कोणी नाही ते नावानिशी छापलं, मतदान साधारण ३० वरून ३८ टक्क्यांवर! (असं दडपण आणणं मला बरोबर वाटत नाही, पण आकडा बघा.) मत बदलवणं मात्र वेगळं, तिथल्या मुख्य निवडणुकांत असल्या प्रचाराने सरासरी जवळपास शून्यच फरक पडलेला दिसलाय, त्यामुळे वेळ कमी असेल तर कार्यकर्त्यांनी आधी आपल्याच, पण मतदानाला न जाता घरी बसून राहणाऱ्या समर्थकांची दारं वाजवावीत.